कोरोनाचं पेटंट २०१५ मध्येच घेतलं होतं का? महामारीत पेटंट आणि शोधनिबंध कसे शोधायचे, कसे वाचायचे

जानेवारी २०२० मध्ये चीनच्या वुहान शहरात नव्या विषाणूची साथ पसरत होती. त्याच दिवसांत सोशल मीडियावर एका पेटंटचा स्क्रीनशॉट फिरू लागला. अमेरिकी पेटंट क्रमांक १०,१३०,७०१, शीर्षक 'कोरोनाव्हायरस'. अर्ज २०१५ चा, मंजुरी २० नोव्हेंबर २०१८ ची आणि पेटंटधारक ब्रिटनमधली पिरब्राइट इन्स्टिट्यूट. हा विषाणू आधीच तयार करून ठेवला होता आणि हे पेटंट त्याचा पुरावा आहे, असा मजकूर त्यासोबत जोडलेला होता.

स्क्रीनशॉट बनावट नव्हता. क्रमांक, तारीख आणि शीर्षक, तिन्ही बरोबर होतं. पण पेटंट होतं कोंबड्यांच्या आजाराबद्दल. 'इन्फेक्शियस ब्राँकायटिस' हा कोंबड्यांना होणारा श्वसनाचा आजार आहे आणि तोही कोरोना कुळातल्याच एका विषाणूमुळे होतो. त्या विषाणूला कमजोर करून कोंबड्यांसाठी लस बनवण्याची पद्धत या पेटंटमध्ये दिलेली आहे. २०१९ च्या अखेरीस माणसांत सापडलेल्या विषाणूशी त्याचा संबंध नाही.

महामारीत असे अनेक 'पुरावे' फिरले. दुसरीकडे, याच पेटंटांतून आणि शोधनिबंधांतून शास्त्रज्ञांनी लशी आणि औषधांसाठी उपयोगी माहिती शोधून काढली. कागद तेच असतात, फरक ते वाचण्यात पडतो. तो नेमका कसा, ते समजून घेऊ.

पेटंट आणि शोधनिबंध यांत फरक काय?

शोधनिबंधात संशोधक सांगतो की अमुक प्रयोग केला आणि त्यातून हे दिसलं. नामांकित नियतकालिकात तो छापण्याआधी त्याच विषयातले इतर तज्ज्ञ तपासतात. याला पिअर रिव्ह्यू म्हणतात.

पेटंट हा कायदेशीर दस्तऐवज आहे. शोध लावणाऱ्याने तो कसा लावला हे जगाला उघड सांगायचं आणि बदल्यात अर्जाच्या तारखेपासून साधारण २० वर्षं तो शोध इतरांना वापरू न देण्याचा हक्क मिळवायचा, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच पेटंटची कागदपत्रं कुणालाही मोफत वाचता येतात. काहीतरी लपवायचं असेल तर पेटंट घेणं हा सगळ्यात वाईट मार्ग ठरेल.

पेटंट मिळालं म्हणजे औषध गुणकारी आहे असं सिद्ध होत नाही. पेटंट कार्यालय मुख्यतः तीन गोष्टी पाहतं. शोध नवा आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखा आहे का आणि त्याचा काही उपयोग आहे का. औषध रुग्णाला देण्याची परवानगी वेगळी यंत्रणा देते. भारतात ते काम केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेचं आहे.

निसर्गात सापडलेल्या विषाणूवर पेटंट मिळतं का, हाही प्रश्न वारंवार विचारला गेला. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ नुसार निसर्गात असलेल्या सजीव किंवा निर्जीव गोष्टीचा नुसता शोध लागला म्हणून पेटंट मिळत नाही. अमेरिकेतही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक जनुकांवर पेटंट देता येणार नाही असा निकाल दिला. त्याआधीची काही पेटंटं मात्र नोंदींमध्ये दिसतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेला २००७ मध्ये मिळालेलं एक पेटंट २००३ च्या सार्स साथीच्या विषाणूबद्दल आहे. खासगी कंपन्यांनी त्यावर हक्क सांगून संशोधन अडवू नये म्हणून ते घेतल्याचं संस्थेने सांगितलं होतं. कोविडच्या काळात अफवांसाठी हेही पेटंट वापरलं गेलं.

पेटंटवरच्या चार तारखा

पेटंटवर एकच तारीख नसते, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

पहिली तारीख प्रायॉरिटी डेट. या मालिकेतला सगळ्यात पहिला अर्ज कधी केला होता, ते ती सांगते. दुसरी प्रत्यक्ष समोर असलेला अर्ज दाखल झाल्याची. तिसरी तो अर्ज लोकांसाठी प्रसिद्ध झाल्याची. चौथी पेटंट मंजूर झाल्याची, आणि ती प्रत्येक अर्जाच्या नशिबी नसते.

२०२० मध्ये 'कोविड-१९ च्या चाचणीची पद्धत' अशा शीर्षकाचा एक अमेरिकी अर्ज खूप फिरला, कारण त्यावर ऑक्टोबर २०१५ ची तारीख होती. आजाराच्या चार वर्षं आधी चाचणीचं पेटंट कसं, असा प्रश्न लोक विचारत होते. उत्तर त्याच पानावर होतं. अर्जदाराचा २०१५ चा मूळ अर्ज शरीराच्या मोजमापांची माहिती आणि व्हिडिओ एकत्र साठवण्याबद्दल होता. त्याच मालिकेत त्याने पुढे आणखी अर्ज केले. १७ मे २०२० रोजी, म्हणजे साथ ऐन भरात असताना, त्याने कोविडचा उल्लेख असलेला नवा अर्ज भरला. नवा अर्ज जुन्या मालिकेला जोडल्यामुळे वर २०१५ ची प्रायॉरिटी डेट दिसत होती. २०१५ च्या मूळ कागदांत कोविड नव्हता.

क्रमांकामागची अक्षरंही महत्त्वाची आहेत. अमेरिकी नोंदींत क्रमांकाच्या शेवटी 'ए१' असेल तर तो फक्त प्रसिद्ध झालेला अर्ज आहे. 'बी१' किंवा 'बी२' असेल तर पेटंट मंजूर झालं आहे. सुरुवातीला 'डब्ल्यूओ' असेल तर तो आंतरराष्ट्रीय अर्ज असतो. 'जागतिक पेटंट' नावाची गोष्ट अस्तित्वात नाही, प्रत्येक देश आपापला निर्णय घेतो.

मायक्रोसॉफ्टचा 'डब्ल्यूओ २०२० ०६०६०६' हा अर्ज मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. क्रमांकातल्या तीन सहांमुळे तो लशीतून चिप बसवण्याच्या अफवेला जोडला गेला. प्रत्यक्षात तो शरीराच्या हालचालींची माहिती वापरून क्रिप्टोकरन्सी मिळवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. त्यात लशीचा किंवा शरीरात चिप बसवण्याचा उल्लेख नाही, आणि तो होता एक अर्ज.

१८ महिने काहीच का दिसत नाही?

बहुतेक देशांत पेटंटचा अर्ज पहिल्या तारखेपासून १८ महिने गोपनीय राहतो. भारतातही हाच नियम आहे. अर्जदाराने स्वतः लवकर प्रसिद्धी मागितली तरच तो आधी दिसतो.

महामारीत या नियमाचा मोठा परिणाम झाला. मार्च २०२० मध्ये कुणी कोविडच्या लशीसाठी अर्ज केला असेल, तर तो साधारण सप्टेंबर २०२१ पर्यंत इतरांना दिसणार नव्हता. तोपर्यंत जगात कोट्यवधी लोकांचं लसीकरण झालेलं होतं. २०२० मध्ये पेटंट शोधणाऱ्याला कोविडवरचं नवं काम फारसं सापडत नव्हतं, सापडत होतं ते सार्स, मर्स आणि प्राण्यांमधल्या कोरोना विषाणूंवरचं जुनं काम. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने, म्हणजे वायपोने, मार्च २०२२ मध्ये अहवाल दिला तेव्हा सप्टेंबर २०२१ अखेरपर्यंतचे कोविडशी संबंधित ५,२९३ अर्ज मोजले गेले. त्यांपैकी १,४६५ उपचारांबद्दल आणि ४१७ लशींबद्दल होते.

पण जुनं काम म्हणजे निरुपयोगी काम नव्हे. कोरोना विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखं दिसणारं स्पाइक प्रथिन असतं. लस बनवताना अडचण अशी येते की हे प्रथिन पटकन आकार बदलतं आणि मग शरीराला चुकीचा आकार ओळखायला शिकवलं जातं. मर्सच्या विषाणूवर काम करताना अमेरिकी शास्त्रज्ञांना उपाय सापडला. प्रथिनातले दोन घटक बदलून त्या जागी प्रोलीन घातलं की आकार टिकून राहतो. याचा पहिला पेटंट अर्ज ऑक्टोबर २०१६ चा होता आणि तो मे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७ मध्ये त्यावर शोधनिबंधही आला होता. नव्या विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली तेव्हा ही युक्ती कागदावर तयार होती. मॉडर्ना आणि फायझर-बायोएनटेक, दोन्ही लशींत ती वापरली गेली.

२०१६ ची तारीख पाहून कुणी 'कट' म्हणेल. पण मर्सचा आजार २०१२ पासून माहीत होता आणि संशोधन त्यावर चाललेलं होतं.

शोधायचे शब्द कोणते?

शोध फसण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे एकच शब्द टाकून थांबणं. 'कोरोनाव्हायरस' हा शब्द १९६८ पासून वापरात आहे आणि तो अख्ख्या कुळाला लागू होतो. त्यात माणसाची सर्दी येते, कोंबड्या, डुकरं आणि मांजरांचे आजारही येतात. पिरब्राइटची अफवा याच एका शब्दामुळे पसरली.

उलट अडचणही आहे. एकाच गोष्टीची अनेक नावं असतात. ११ फेब्रुवारी २०२० पर्यंत आजाराचं 'कोविड-१९' हे नाव ठरलेलंच नव्हतं. त्याआधीच्या लेखनात विषाणूला '२०१९-एनकोव्ह' म्हटलं आहे, त्यानंतर 'सार्स-कोव्ह-२'. रेमडेसिविर या औषधाच्या सुरुवातीच्या लेखनात 'जीएस-५७३४' हा सांकेतिक क्रमांक आहे. पेटंटांत तर औषधाचं नाव बऱ्याचदा नसतंच, फक्त रासायनिक रचना असते. नाव ठरण्याच्या आधी अर्ज केलेला असतो.

म्हणून अनुभवी शोधक नावांची यादी करून सगळी नावं 'किंवा' ने जोडतात, मग त्याला दुसरा विषय 'आणि' ने जोडतात. शिवाय वर्गीकरणाचे कोड वापरतात. जगभरची पेटंटं विषयानुसार कोडमध्ये विभागलेली आहेत, वाचनालयातल्या पुस्तकांसारखी. भाषा कोणतीही असो, कोड तोच राहतो. कोरोना कुळातल्या विषाणूंवरच्या लशींचा कोड आहे 'ए६१के ३९/२१५'. त्याच्या वर्णनात उदाहरण म्हणून दिलेला विषाणू कोणता? पक्ष्यांच्या इन्फेक्शियस ब्राँकायटिसचा.

सामान्य माणसाला हे सोपं जावं म्हणून युरोपीय पेटंट कार्यालयाने २०२० मध्ये तयार शोधवाक्यं खुली केली. वायपोने एप्रिल २०२० मध्ये आपल्या पेटंटस्कोप या साइटवर कोविडसाठी वेगळी शोधसोय दिली.

जुन्या कागदांतून सापडलेलं औषध

४ फेब्रुवारी २०२० रोजी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटं पत्र छापून आलं. लंडनच्या बेनेव्होलंटएआय या कंपनीच्या गटाने, आधी प्रसिद्ध झालेल्या वैज्ञानिक माहितीचं जाळं संगणकाच्या मदतीने चाळून, एक अंदाज मांडला होता. संधिवातावर दिलं जाणारं बॅरिसिटिनिब हे औषध विषाणूचा पेशीतला शिरकाव आणि शरीरातला दाह, दोन्ही कमी करू शकेल, असा तो अंदाज होता.

हा अंदाज होता, आणि त्याला अंदाज म्हणूनच वागवलं गेलं. आधी चाचण्या झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत रेमडेसिविरबरोबर ते वापरायला आपत्कालीन परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मूळ कंपनी एली लिलीने सिप्ला, ल्युपिन आणि सन फार्मा या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपन्यांना भारतासाठी ते बनवण्याचे विनाशुल्क परवाने दिले. जानेवारी २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गंभीर रुग्णांसाठी त्याची ठाम शिफारस केली. पहिल्या पत्रापासून या शिफारशीपर्यंत जवळपास दोन वर्षं गेली.

शोधनिबंधांचा पूर

कोविडवरचे निबंध इतक्या वेगाने येऊ लागले की कुणा एकाला वाचणं अशक्य झालं. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने इतर संस्थांच्या साथीने 'कॉर्ड-१९' हा खुला संग्रह सुरू केला. सुरुवातीला त्यात सुमारे २९,००० निबंध होते. २०२२ च्या मध्यापर्यंत ती संख्या १० लाखांच्या वर गेली.

या पुरात प्रीप्रिंट मोठ्या प्रमाणात होते. प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच लेखकांनी ऑनलाइन ठेवलेला निबंध. वेळ वाचतो हा त्याचा फायदा, पण कच्चा मालही बाहेर जातो. ३१ जानेवारी २०२० रोजी 'बायोआर्काइव्ह' या साइटवर दिल्लीतल्या संशोधकांचा एक प्रीप्रिंट आला. नव्या विषाणूच्या स्पाइकमधले काही तुकडे एचआयव्हीशी जुळतात, असं त्यात म्हटलं होतं. इतर शास्त्रज्ञांनी लगेच दाखवून दिलं की हे तुकडे इतके छोटे आहेत की ते इतर अनेक जिवांमध्येही सापडतात. दोन दिवसांत लेखकांनी तो मागे घेतला. 'विषाणूत एचआयव्ही मिसळला आहे' हा मेसेज मात्र त्यानंतरही फिरत राहिला.

नामांकित नियतकालिकंही चुकली. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट'मध्ये सुमारे ९६,००० रुग्णांच्या माहितीवर आधारित एक निबंध आला. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे मृत्यू वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी काही दिवस थांबवली. मूळ माहिती तपासायला मिळेना, तेव्हा ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. हे औषध कोविडवर उपयोगी नाही, हे नंतरच्या नीट केलेल्या मोठ्या चाचण्यांतून वेगळ्याने सिद्ध झालं.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट आपल्या जवळची आहे. इजिप्तमधला एक प्रीप्रिंट नोव्हेंबर २०२० मध्ये आला. त्यात या औषधाचा मोठा फायदा दाखवला होता आणि पुढे इतर अभ्यासांच्या बेरजेतही तो धरला गेला. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध फक्त चाचण्यांमध्येच वापरावं असं सांगितलं. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेच्या तडाख्यात गोवा सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना या गोळ्या देण्याची घोषणा केली. जुलै २०२१ मध्ये माहितीत गंभीर विसंगती आढळल्याने इजिप्तचा प्रीप्रिंट हटवण्यात आला. सप्टेंबर २०२१ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उपचार सूचनांतूनही आयव्हरमेक्टिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वगळण्यात आलं.

शोधण्याची ताकद कुणाच्या हातात?

नीट शोधलेला जुना कागद पेटंट रद्दही करू शकतो. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, ते आव्हानलं. तेव्हा तिचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. संस्थेने ३२ जुने संदर्भ सादर केले. त्यात संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ मधला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक निबंधही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. घराघरांत माहीत असलेली गोष्ट सिद्ध करायला लिखित, तारीख असलेला पुरावा लागला.

भारतात आजही अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कुणीही व्यक्ती त्याला विरोध नोंदवू शकते. 'हे नवं नाही' असं म्हणायचं तर जुना कागद दाखवावा लागतो. औषधाची किंमत ठरण्यात पेटंटचा वाटा मोठा असतो, त्यामुळे हा हक्क रुग्णांच्या कामाचा आहे.

फॉरवर्ड करण्याआधी काय तपासावं?

पेटंटचा स्क्रीनशॉट आला तर क्रमांक गूगल पेटंट्स, एस्पासनेट किंवा पेटंटस्कोपवर टाकून मूळ पान उघडावं. भारतीय पेटंटांसाठी पेटंट कार्यालयाची 'इनपास' ही शोधसेवा आहे. सगळ्या सेवा मोफत आहेत.

• शीर्षकावर थांबू नये. सारांश आणि 'दावे' हा भाग वाचावा. कायदेशीर हक्क फक्त दाव्यांवर मिळतो.
• चारही तारखा पाहाव्यात. कोणती तारीख कशाची, ते ठरवावं.
• तो अर्ज आहे की मंजूर पेटंट, हे क्रमांकामागच्या अक्षरांवरून ओळखावं.
• विषाणू कोणता आणि कोणत्या प्राण्याचा, ते पाहावं.

शोधनिबंध असेल तर शीर्षक 'पबमेड'वर शोधावं. निबंध मागे घेतला असेल तर तिथे तशी ठळक सूचना दिसते. प्रीप्रिंटच्या पानावर तो तपासलेला नसल्याचं लिहिलेलं असतं, पण स्क्रीनशॉट काढताना नेमकी तीच ओळ कापली जाते. अभ्यास प्रयोगशाळेतल्या पेशींवर झाला, प्राण्यांवर की माणसांवर, आणि किती जणांवर, हेही पाहावं. औषधाचा प्रश्न असेल तर एका निबंधावर विसंबू नये, डॉक्टरांना विचारावं.

पिरब्राइटच्या पेटंटची सुरुवात वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. कोंबड्यांचा उल्लेख तिथेच सापडतो.